मावशींची टाकी आणि शून्य बाइटची फाईल

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीचा रोज एकच तास, आणि निबंधाला दहापैकी साडेपाच. त्यामुळे शुद्धलेखन चुकलं असेल तर संपादक मंडळाला बोला, मला नको. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण तो आमच्या हॉस्टेलच्या मावशींमुळे लिहिला गेला आणि मावशी मराठीच वाचतात.

विषय तसा साधा आहे. प्रोग्रॅमने छापलेलं स्क्रीनवर कधी दिसतं, कुठे दिसतं, आणि कधी दिसतच नाही. सी शिकताना पहिल्याच दिवशी आपण प्रिंटएफ लिहितो, समोर अक्षरं उमटतात आणि आपली समजूत होते की प्रिंटएफ म्हणजे स्क्रीन. माझी ही समजूत चार सेमिस्टर टिकली. पाचव्यात ती तुटली, आणि तुटताना बोलणी मात्र दुसऱ्यालाच बसली.

एक सूचना. मराठी विभाग असल्यामुळे आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे.

प्रोग्रॅम काय होता

मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही दोघींनी हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला. मायक्रोकंट्रोलर पाण्याची पातळी टक्क्यांत काढतो आणि सिरीयल वायरने खाली पाठवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या टीव्ही रूममध्ये एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर लिनक्स टाकलं आणि सी मध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर सेकंदाला वाचायचं आणि छापायचं. मोटर लावायचं काम मावशींचं, म्हणजे स्क्रीन बघणार त्या.

पहिल्या दिवशी मावशी आल्या, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हे पळतंय नुसतं. थांबव की जरा."

बरोबरच होतं. दर सेकंदाला नवीन ओळ, मग जुनी वर सरकते, परत नवीन. आपल्याला सवय आहे म्हणून काही वाटत नाही. ज्यांना एकच आकडा बघायचाय, त्यांनी पळत्या ओळींत तो शोधायचा कसा?

ओळ न बदलता परत मागे

उपाय सोपा निघाला. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन ऐवजी बॅकस्लॅश आर द्यायचं. एन म्हणजे पुढच्या ओळीवर जा. आर म्हणजे त्याच ओळीच्या सुरुवातीला परत ये. ही दोन वेगळी कामं का, याचं उत्तर जुन्या यंत्रांत आहे. स्क्रीन येण्याआधी कॉम्प्युटरला टेलिटाइप जोडलेले असत, म्हणजे तारेने चालणारे टाइपरायटर. १९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. त्यात छापणारा भाग डावीकडे नेणं ही एक आज्ञा, आणि कागद एक ओळ वर सरकवणं ही दुसरी. लिनक्समध्ये आजही टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, ते याच टेलिटाइपचं राहिलेलं नाव.

मी एन चं आर केलं आणि प्रोग्रॅम चालवला. स्क्रीन कोरी. सिरीयल वायर हलवून बघितली, सेन्सर बघितला, सगळं ठीक. जवळपास दोन मिनिटांनी अचानक एक आकडा आला, आणि परत दोन मिनिटं तोच.

वडाप, एसटी आणि रिक्षा

इथे मला पहिल्यांदा बफर कळला. प्रिंटएफ स्क्रीनवर काही लिहीतच नाही. ते अक्षरं आपल्याच प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या एका डब्यात ठेवतं. डबा कधी सुटणार, याच्या तीन पद्धती आहेत. आमच्या गावाकडच्या भाषेत सांगते.

पहिली वडाप जीप. पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही, तुम्ही कितीही घाई करा. आउटपुट फाईलमध्ये किंवा पाइपमध्ये जात असेल तर सी लायब्ररी ही पद्धत वापरते. लिनक्सवर हा डबा साधारण ४०९६ बाइटचा असतो.

दुसरी एसटी. कंडक्टरने घंटी मारली की निघाली, भरलेली असो नसो. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ही पद्धत, आणि घंटी म्हणजे बॅकस्लॅश एन.

तिसरी रिक्षा. एक जण बसला की चालू. चुका सांगायचा जो वेगळा मार्ग असतो, स्टँडर्ड एरर, तो असा. त्यात काही साठत नाही.

आता माझी चूक बघा. एन काढून आर घातलं, म्हणजे घंटीच काढून घेतली. एसटी उभी राहिली ती भरेपर्यंत. आमच्या मशीनवर टर्मिनलसाठी डबा १०२४ बाइटचा होता आणि माझी ओळ ९ बाइटची. भागाकार केला तर ११३ आणि थोडं वर. दर सेकंदाला एक ओळ, म्हणजे तेच जवळपास दोन मिनिटं! उत्तर जुळलं तेव्हा काय आनंद झाला सांगू.

इलाज एका ओळीचा. प्रिंटएफनंतर एफफ्लश, कंसात एसटीडीआउट. म्हणजे "असेल तेवढं घेऊन नीघ."

लॅबमधल्या सगळ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. प्रोग्रॅम क्रॅश होतो, आपण मध्ये मध्ये प्रिंटएफ टाकतो, आणि जे छापलं गेलं नाही त्याच्या आधीच क्रॅश झाला असं ठरवतो. हे खोटं असू शकतं. प्रिंटएफ झालेलं असतं, पण सेगमेंटेशन फॉल्टमध्ये डबाच नष्ट होतो. म्हणून शोधाशोधीचे संदेश स्टँडर्ड एररवर पाठवा, किंवा प्रत्येक वेळी एफफ्लश करा. या एका वाक्याने तुमची एखादी रात्र वाचेल.

टाकीत ९९० टक्के पाणी

आता आकडा जागच्या जागी बदलू लागला. मावशी खूश. संध्याकाळी टाकी भरली आणि त्या धावत आल्या. "अगं, नऊशे नव्वद झालं, बंद करू का?"

आधी तिथे १०० होतं. मग त्यावर ९९ छापलं. आर ने फक्त कर्सर मागे येतो, जुनी अक्षरं पुसली जात नाहीत. शेवटचा शून्य तिथेच राहिला, ९९० झाले. प्रिंटएफमध्ये आकड्याला तीन जागा ठरवून दिल्या तरी हे सुटतं. पण खरा मार्ग म्हणजे टर्मिनललाच सांगायचं, बाकीची ओळ पूस.

टर्मिनलशी बोलायची भाषा म्हणजे एस्केप सीक्वेन्स. सुरुवातीला एस्केप अक्षर, ज्याचा कोड २७. मग उघडणारा चौकोनी कंस. मग लागले तर आकडे, आणि शेवटी काम सांगणारं एक अक्षर. टर्मिनल हे छापत नाही, पाळतं. नेहमीची कामं अशी:

मोठा के: कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पूस.
२ आणि मोठा जे: सगळा स्क्रीन पूस. कर्सर मात्र जागीच राहतो.
मोठा एच: कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात. आधी ५;१० दिलं तर पाचवी ओळ, दहावा रकाना.
३१ आणि छोटा एम: अक्षरं लाल. ० आणि छोटा एम: परत साधी.
प्रश्नचिन्ह, २५ आणि छोटा एल: कर्सर लपव. तेच छोट्या एच ने: परत दाखव.

फर्स्ट इयरला आपण टर्बो सी मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला सीएलआरएससीआर लिहितो आणि जीसीसीवर तो चालला नाही की जीसीसीला नावं ठेवतो. सीएलआरएससीआर हे सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये कधीच नव्हतं. ते डॉसच्या पीसीसाठी होतं, आणि तिथे थेट व्हिडिओ मेमरीत लिहून काम होत असे. लिनक्समध्ये आपल्या आणि स्क्रीनच्या मध्ये टर्मिनल उभं असतं, त्याला विनंतीच करावी लागते.

ही भाषा सर्वत्र पसरवण्यात मोठा वाटा डीईसी कंपनीच्या व्हीटी१०० या टर्मिनलचा. ते १९७८ चं. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची भाषा वेगळी असे. म्हणून बर्कलेमध्ये बिल जॉय यांनी टर्मकॅप केलं, कोणत्या टर्मिनलला काय समजतं त्याची यादी. पुढे केन अर्नोल्ड यांनी कर्सेस लायब्ररी केली. रोग नावाचा गेम तिच्यावरच चालायचा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये खिडक्या, मेनू, चौकटी असतील तर एन-कर्सेस शिका. एका आकड्यासाठी एस्केप पुरे.

शून्य बाइट

आता जे सांगायचं ते. रात्री स्क्रीन बघायला कोणी नसतं, म्हणून रात्री मी प्रोग्रॅम दर मिनिटाला एक ओळ या हिशोबाने चालवून आउटपुट फाईलमध्ये वळवायचे. ओळीत वेळ आणि टक्के, शेवटी एन, एकूण १२ बाइट. स्क्रीनवर हे छान चालतं हे बघितलेलं. या ओळीनंतर एफफ्लश घातलं नाही, कारण घंटी आहे की!

मायक्रोप्रोसेसरच्या पेपरच्या दिवशी पहाटे नळाला पाणी नाही. सगळ्या पोरी बादल्या घेऊन जिन्यात. रेक्टर मॅडम आल्या आणि मावशींना म्हणाल्या, "रात्री मोटर लावायला विसरलात ना? परीक्षा आहे हे माहीत होतं तुम्हाला." मावशी म्हणाल्या, "साडेदहाला टाकी भरून मगच आडवी झाले, मॅडम." आणि माझ्याकडे बोट करून, "विचारा ना हिच्या मशीनला."

सगळ्यांसमोर मी फाईल उघडली. शून्य बाइट.

कोणीतरी पहाटे चारला चहाच्या किटलीसाठी डेस्कटॉपचा प्लग काढला होता. मी रात्री ११ ला चालू केलेला. पाच तास, ३०० ओळी, ३६०० बाइट. वडापला ४०९६ हवे होते. फाईलकडे जाताना एन ची घंटी कोणी ऐकत नाही, हे मला माहीत नव्हतं. मावशींची साक्ष एका भरत आलेल्या डब्यात बसून होती, आणि प्लगबरोबर गेली.

मॅडम काही बोलल्या नाहीत, निघून गेल्या. मावशीही काही बोलल्या नाहीत. तो पेपर मी कसा लिहिला ते विचारू नका.

संध्याकाळी प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश घातलं. पण एफफ्लशने माल आपल्या डब्यातून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. ती डिस्कवर लिहायला अजून काही सेकंद घेते, आणि वीज गेली तर तेवढंही जातं. त्यासाठी एफसिंक. मिनिटाला एकदाच लिहायचं तर दोन्ही परवडतात. प्लगवर चिकटपट्टी लावून "काढू नये" लिहिलं, तेही मराठीत.

समोर कोण आहे?

आणखी एक घोळ होता. दिवसाचा स्क्रीनवाला मोड चुकून फाईलमध्ये वळवला तर फाईलभर एस्केपचा कचरा. प्रोग्रॅमने आधी विचारायला हवं की समोर माणूस आहे की फाईल. त्यासाठी इज-अ-टीटीवाय नावाचं फंक्शन आहे. टर्मिनल असेल तर १, नसेल तर ०. एक आलं तर आर, के, रंग, सगळं. शून्य आलं तर साध्या ओळी आणि एफफ्लश. एलएस आज्ञाही हेच करते. स्क्रीनवर रकाने पाडते, पाइपमध्ये ओळीला एक नाव देते.

आणि निघताना घर आवरून जायचं. कर्सर लपवलात आणि कोणी कंट्रोल-सी दाबलं, तर प्रोग्रॅम संपतो पण कर्सर लपलेलाच. टर्मिनलला तुम्ही गेलात हे कळत नाही. म्हणून सिग्नल पकडा, हँडलरमध्ये फक्त एक खूण करा, लूपमधून बाहेर या आणि मग कर्सर दाखवून, रंग साधे करून बाहेर पडा. हँडलरमध्ये प्रिंटएफ करू नका, ते तिथे सुरक्षित नसतं. तरीही बिघडलंच तर न दिसणाऱ्या ओळीवर रीसेट टाइप करून एंटर मारा.

पुढे काय झालं

शेवटचा पेपर झाल्यावर त्या रात्रीची फाईल पहिल्यांदा पूर्ण मिळाली. अकराला ९८ टक्के. एक ते चार, सगळं हॉस्टेल झोपलेलं, तरी दर तासाला साधारण १२ टक्के कमी. अशा वेळी पाणी वापरणार कोण? प्रिंट काढून मॅडमना दिली. प्लंबरला दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लशचा व्हॉल्व्ह रात्रभर वाहताना सापडला. मॅडम स्वतः खाली मावशींच्या खोलीत गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि ते मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारख्या स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता रात्री लिहून ठेवतं ना गं, की नुसतं मनात ठेवतं?"

बफरची याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळालेली नाही.

करून बघा

१. एन शिवाय प्रिंटएफ करा आणि पुढे स्लीप ५. मग मध्ये एफफ्लश घालून परत चालवा.
२. एलएस चालवा, मग एलएस पाइप कॅट. फरक बघा.
३. एकाच ओळीत एसटीटीवाय उणे-ओएनएलसीआर, अर्धविराम, एलएस उणे-एल. ओळी जिन्यासारख्या उतरतील. कारण शोधा, मग रीसेट करा. उत्तर टेलिटाइपवाल्या भागात आहे.

अडलं तर तिसऱ्या मजल्यावर टीव्ही रूममध्ये या. फक्त चिकटपट्टीवाल्या प्लगला हात लावू नका.