स्त्रियांचें आरोग्य : वयोवयीं घ्यावयाची काळजी

राजगडाच्या पायथ्याशीं, पाल गांवीं, सईबाईंची समाधि आहे. शिवछत्रपतींच्या या थोरल्या राणीस तीन मुली झाल्या व त्यानंतर ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजे जन्मास आले. पुढें राणीची प्रकृति ढासळत गेली. तान्ह्या राजपुत्रास आईचें दूध पुरेना, म्हणून भोर तालुक्यांतील कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांस बोलावण्यांत आलें व त्यांनीं आपल्या दुधावर त्यास वाढविलें. सव्वादोन वर्षांनीं, ता. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं, सईबाईंनीं राजगडावर देह ठेविला. त्या वेळीं त्यांचें वय तीस वर्षांचेंहि नव्हतें.

आमच्या डोंगरी मुलुखांतील मुलांस किल्ल्यांचा व लढायांचा इतिहास तोंडपाठ असतो. परंतु बाळंतपणानंतर खंगत गेलेल्या एका तरुण मातेची ही हकीकत वाचून आम्ही क्षणभरहि थांबत नाहीं. राणीच्या सेवेस माणसांची वाण पडली असेल असें वाटत नाहीं. वाण होती ती ज्ञानाची. रोग कशानें होतो व तो आधींच कसा टाळावा, हें त्या काळीं जगांत कोणासच नीट ठाऊक नव्हतें. आज तें ठाऊक आहे. भोरास उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्यास, म्हणजे आतांच्या राजगड तालुक्यास, ग्रामीण रुग्णालय आहे, आणि गांवोगांवीं आशा सेविका आहेत. असें असूनहि स्त्रियांचीं दुखणीं पुष्कळदां फार उशिरां उजेडांत येतात. तीं आधींच ओळखावीं किंवा मुळींच होऊं देऊं नयेत, यासाठीं कोणत्या वयांत काय करावें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दुखणें अंगावर काढणें

उशिराचें पहिलें कारण आपल्या भाषेंतच सांपडतें. 'दुखणें अंगावर काढणें' हा वाक्प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे. पुरुषानें दुखणें अंगावर काढलें तर त्यास आपण हट्टी म्हणतों. स्त्रीनें काढलें तर तिला सोशिक म्हणून नांवाजतों. या सोशिकपणाचें मोल किती पडतें, हें गडचिरोली जिल्ह्यांतील एका तपासणीनें जगास दाखविलें. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकीं कोणता ना कोणता विकार होता. पण ज्यांची पूर्वीं कधीं तशी तपासणी व उपचार झाला होता अशा स्त्रिया शेंकडा आठच निघाल्या. गडचिरोली आमच्यापासून दूर असली, तरी ज्या लाजेमुळें हीं दुखणीं झांकून राहिलीं ती लाज आमच्याहि घरांत ओळखीची आहे. अंगावरून पांढरें जाणें, ओटीपोटांत दुखणें, पाळींत अतोनात रक्त जाणें, बाळंतपणानंतर अंग बाहेर येणें, हीं नांवें स्त्रिया एकमेकींच्या कानांतच सांगतात. तीं डॉक्टरांपुढें स्पष्ट शब्दांत सांगतां येणें हीच आरोग्याची पहिली पायरी होय.

दुसरें कारण अंतराचें. भाटघर, पानशेत, वरसगांव या धरणांच्या जलाशयांकांठच्या व घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून आषाढ-श्रावणांत दवाखाना गांठणें सोपें नसतें. शहरांतील स्त्रीस दुखणें बळावल्यावर धांवाधांव करतां येते. डोंगरांतील स्त्रीस तेवढा अवकाश मिळत नाहीं. शेताचा बांध मृगापूर्वींच घालावा लागतो, पाणी फुटल्यावर घालून चालत नाहीं. आरोग्याचेंहि येथें तसेंच आहे.

बालपण

जन्मल्यापासून एका तासाच्या आंत बाळास आईचें दूध पाजावें, सहा महिनेपर्यंत दुधाखेरीज वरचें पाणीहि देऊं नये, व लसीकरणाच्या तारखा चुकवूं नयेत. हे नियम मुलास व मुलीस सारखेच आहेत. फरक पडतो तो पुढें, ताटांत. ज्या घरीं दूध-अंडें भावास व उरलेलें कालवण बहिणीस असा रिवाज असेल, त्या घरीं मुलीच्या पुढील अशक्तपणाचा पाया तिच्या सातव्या-आठव्या वर्षींच घातला जातो.

किशोरवय

विद्यार्थिनींनो, शरीराची पुंजी जमविण्याचें वय तें हेंच. हाडांचा बहुतेक सांठा विशीच्या आसपास पुरा होतो. त्यानंतर त्यांत फारशी भर पडत नाहीं, आणि पाळी गेल्यावर तो झपाट्यानें खर्च होऊं लागतो. रक्ताचेंहि असेंच आहे. पाळीबरोबर दर महिन्यास लोह खर्च होतें. तें अन्नांतून भरून न आल्यास पंडुरोग जडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या शेंकडा ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळलें; म्हणजे दोघींमागें एकीहून अधिक! चढण चढतांना धाप लागणें, अभ्यासांत लक्ष न लागणें, पापणीची आंतील बाजू फिकट दिसणें, हीं त्याचीं चिन्हें होत. परंतु खरा निवाडा रक्ताच्या तपासणीनेंच होतो. किशोरवयीन मुलीच्या रक्तांत हिमोग्लोबिन १२ च्या खालीं नसावें.

यावरील उपाय स्वस्त आहेत. आठवड्यांतून एकदां मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. तिच्यामुळें मळ काळा होतो, त्यास भिऊन ती फेंकून देऊं नये. गोळीबरोबर किंवा तिच्या मागोमाग चहा पिऊं नये, कारण चहांतील द्रव्यें लोह शरीरांत मुरूं देत नाहींत. उलट लिंबू, आंवळा, पेरू यांनीं तें अधिक मुरतें. भातखाचरांच्या व पाणंदींच्या ओल्या मातींत अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांतून एका जातीचे जंत शरीरांत शिरतात व आंतड्यांत बसून रक्त शोषितात. म्हणून वर्षांतून दोनदां जंतांची गोळी घ्यावी व शौचास शौचकूपांतच जावें. आहारांत आमच्या डोंगरउतारावरच्या नाचणीस पुन्हां मान द्यावा. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या आसपास भरतें. नाचणीची भाकरी गरिबीची खूण समजून टाकून देणें म्हणजे हाडांचें बळ टाकून देणें होय.

पाळीचें कापड साबणानें धुऊन उन्हांत वाळवावें. अंधाऱ्या कोपऱ्यांत लपवून ओलें ठेवल्यास त्यांत जंतु वाढतात. ऊन हें फुकटचें औषध आहे, त्याची लाज कसली? शिवाय १८ वर्षांपूर्वीं मुलीचें लग्न करणें कायद्यानें निषिद्ध असतांहि, वरील पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचीं लग्नें त्या वयापूर्वींच झालेलीं आढळलीं. जिचें स्वतःचें शरीर पुरतें घडलेलें नाहीं, तिनें दुसरें शरीर कोठून घडवावें?

मातृपद

आमच्या जिल्ह्यांतच या विषयाचा मोठा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराची व कामाची नोंद ठेविली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या व फळें वारंवार खात आणि ज्यांच्या आहारांत दूध असे, त्यांचीं बाळें अधिक वजनाचीं निघालीं. ज्यांस शेतांत व घरांत अतिश्रम करावे लागत, त्यांचीं बाळें लहान निघालीं. भाताच्या लावणींत दिवसभर वांकून चिखलांत उभी राहणारी गरोदर सून ज्या घरीं असेल, त्या घरानें या निष्कर्षाचा विचार करावा. माळ्यावरची मेथी किंवा परसांतला शेवगा ही चैन नव्हे, आणि दुपारची घटकाभर विश्रांति हा आळस नव्हे.

मिसरीची संवय आमच्या बायकांत जुनी आहे. ती तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे. मुंबईंतील गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासांत (२००४) मिसरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचें वजन सरासरी १०५ ग्रॅमनें कमी भरलें.

दिवस राहिल्याचें कळतांच पहिल्या तीन महिन्यांत नांव नोंदवावें, निदान चार वेळां तपासणी करून घ्यावी, आणि चौथ्या महिन्यापासून लोहाची तांबडी गोळी रोज एक याप्रमाणें १८० दिवस घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विशेष तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. पुढील चिन्हें दिसल्यास मात्र घटकेचाहि विलंब लावूं नये : रक्त जाणें, तोंडावर सूज येऊन डोकें फार दुखणें किंवा अंधुक दिसणें, झटके, जोराचा ताप, वेळेपूर्वीं पाणी जाणें, बाळाची हालचाल मंदावणें. अशा वेळीं १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. ज्यांचे दिवस ऐन पावसाळ्यांत भरतात, त्यांनीं आठ-पंधरा दिवस आधींच भोर, वेल्हे किंवा नसरापूर अशा ठिकाणीं नातलगांकडे येऊन राहावें. माहेरच्या प्रथेस ही सोय सहज जोडतां येईल.

बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव हा सर्वांत मोठा घातक होय. म्हणून पहिला दिवस तरी डॉक्टर व परिचारिकेच्या नजरेखालीं जावा. पुढें सवा महिना मोळी, हंडा, भाताचें ओझें उचलूं नये. लवकर ओझीं उचलल्यानें अंग बाहेर येण्याचा विकार जडण्याचा संभव असतो, आणि तो जन्मभर पुरतो. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचें अंतर असावें.

तिशीनंतर

तिशी उलटलेली स्त्री घरांत सर्वांच्या औषधांची आठवण ठेवते, स्वतःची ठेवीत नाहीं. या वयांत रक्तदाब, रक्तांतील साखर, तोंड, स्तन व गर्भाशयाचें मुख या पांच गोष्टींची तपासणी करावयाची असते व ती सरकारी केंद्रांतहि होते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळें होतो. हें दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणु शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. तेवढी मुदत आपल्या हातीं असते. उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर या रोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. २००९ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणूसाठीं केवळ एकदां तपासणी झाली होती, त्या गटांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा रुग्णालयानें केलेल्या दुसऱ्या प्रयोगांत तपासणीचें साधन होतें शिर्क्यासारखें सौम्य आम्ल, आणि तपासणाऱ्या होत्या डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. तरीहि मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. ९ ते १४ वर्षांच्या मुलींस याच विषाणूची प्रतिबंधक लस देतां येते. म्हणजे आईनें तपासून घ्यावें व लेकीनें टोंचून घ्यावें. स्तनांत गांठ लागल्यास ती दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं.

पाळी गेल्यावर

पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास पाळी जाते. अंगाची आग होणें, झोंप न येणें, चिडचिड होणें हे त्या काळाचे स्वाभाविक त्रास आहेत. परंतु पाळी गेल्यावर वर्षभरानें पुन्हां रक्त दिसलें तर तें स्वाभाविक नव्हे, तपासणी करावी. तसेंच 'पिशवी काढून टाका' हा सल्ला दुसऱ्या डॉक्टरांस विचारल्याविना मानूं नये. बीड जिल्ह्यांत ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणींत १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आहे, असें २०१९ सालीं उघड झालें. त्याबरोबर बीजकोशहि गेल्यास हाडें अकालीं ठिसूळ होतात. नाचणी, ऊन आणि रोजचें चालणें हीं या वयाचीं तीन औषधें. साठीनंतर मोतीबिंदू, रक्तदाब व घरांतील पडझड यांकडे लक्ष द्यावें. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला म्हातारपणाचा समजूं नये, थुंकी तपासावी. आजीच्या मोरीशीं एक दिवा व धरावयास एक कठडा लावणें हें मोडलेलें खुब्याचें हाड बसविण्याहून सोपें आहे.

इतरांचें कर्तव्य

हा लेख मुलींनींच वाचावा असें नाहीं. हंडा कोणी आणावा, चुलीचा धूर घरांत कोंडूं नये म्हणून गवाक्ष कोणी पाडावें, सुनेस दवाखान्यांत नेण्यासाठीं लावणीच्या दिवसांत एक दिवस कोणी मोडावा, हे प्रश्न घरांतील पुरुषांनीं सोडवावयाचे आहेत. स्त्रीचें आरोग्य तिच्या एकटीच्या निग्रहानें राहत नाहीं.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनीं या सुट्टींत एक काम करावें. एका वहींत घरांतील प्रत्येक स्त्रीचें नांव व वय लिहावें आणि तिच्यापुढें तीन गोष्टींची नोंद करावी : रक्त शेवटीं केव्हां तपासलें, रक्तदाब केव्हां मोजला, आणि वयास उचित अशी कोणती तपासणी राहिली आहे. पुष्कळ रकाने रिकामे निघतील. पुढच्या पावसाळ्याआधीं, वाटा मोकळ्या असतांनाच, ते भरावेत. ज्या घरीं एवढें होईल, त्या घरची स्त्री दुखणें अंगावर काढणार नाहीं. तें अंगावर येण्यापूर्वींच अडविलें जाईल.