कयामतची तारीख आणि रोहिणखेडचे रणांगण



धंतोलीतील एका रुग्णालयाबाहेर मागील महिन्यात एक तरुण भेटला. वडील आत दाखल होते आणि हा बाहेर मोबाईलवर कुणाचे तरी भाषण ऐकत उभा होता. अमुक वर्षी इमाम महदी प्रकट होणार, म्हणून त्याने परीक्षेचा अर्जच भरला नव्हता. "मौलाना, खरंच इतकंच उरलं आहे का?" असे त्याने विचारले. त्या घाईत मी जे सांगितले ते अपुरे होते. म्हणून हे लिहितो आहे.

ही प्रतीक्षा आपल्या भूमीला नवी नाही. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी आपणच महदी असल्याचा दावा केला. त्यांचे अनुयायी वस्तीपासून दूर 'दायरे' वसवून राहत. संसाराचा त्याग, अखंड जिक्र, आणि जे मिळेल ते सर्वांत समान वाटून घेणे, अशी त्यांची राहणी होती. त्यांच्या दाव्याशी आपण सहमत नाही. परंतु या माणसांच्या निष्ठेची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. बयाना येथील शेख अलाई यांना सूर बादशहाच्या काळात फटके खाऊन प्राण गमवावे लागले. त्यांच्याविषयी इतिहासकार बदायूनी आदरानेच लिहितो.

हिजरी सहस्रक संपत आले तशी लोकांची उत्कंठा वाढली. १५८९ मध्ये अहमदनगरात जमालखान या महदवी सरदाराने बालवयीन इस्माईलला गादीवर बसवले आणि आपला पंथ हाच राजपंथ केला. दूरदूरचे महदवी तेथे गोळा झाले. जे दायरे दरबारापासून दूर राहण्यासाठी जन्मले, त्यांच्याच नावाने आता दरबार चालू लागला! दोनच वर्षांनी, १५९१ मध्ये, इस्माईलचा पिता बुऱ्हाण याच्याशी झालेल्या लढाईत जमालखान मारला गेला. ते रणांगण म्हणजे आपल्याच विदर्भातील, बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड. हिजरी १००० उजाडायला तेव्हा काही महिनेच उरले होते. ते वर्ष आले आणि इतर वर्षांसारखेच सरले.

आता मूळ शिकवणीकडे वळू. सूरह अल-आराफमध्ये स्पष्ट केले आहे की त्या घटिकेचे ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे. जिब्रील (अ.) यांनी विचारले तेव्हा प्रेषितांनीही (स.) आपल्याला विचारणाऱ्याहून अधिक ठाऊक नसल्याचे सांगितले. जे प्रेषितांना (स.) सांगितले गेले नाही, ते मोबाईलवरील वक्त्यास कोठून कळावे? दुसऱ्या एका माणसाने हाच प्रश्न केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला उलट विचारले, की तू त्यासाठी काय तयारी केली आहेस? मुस्नद अहमदमधील रोपट्याची हदीस तर आपण मुलांनाही सांगतो. कयामत येऊन ठेपली आणि हाती रोपटे असले, तर ते लावता येत असेल तोवर लावावे. त्याची सावली कुणाला मिळेल, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

महदींच्या आगमनावरील श्रद्धा अहले सुन्नतच्या परंपरेत आहे, ती मी नाकारीत नाही. मात्र त्या श्रद्धेतून आईवडिलांची सेवा, शिक्षण वा कमाई यांपैकी कशालाही सुटी मिळत नाही.

चार दिवसांनी तो तरुण मगरिबच्या नमाजनंतर भेटला. वडील घरी आले होते. विलंबशुल्क भरून अर्ज करण्याची मुदत अजून दोन दिवस आहे, हे त्यानेच मला सांगितले.