बारावीचे गुण कमी पडले, तरी

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणूनच विज्ञानात मागे पडलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : एमबीबीएसची गुणवत्ता यादी बारावीवर नव्हे, 'नीट'वर लागते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गास ५०, अनुसूचित जातींस ४० टक्के पुरतात. तेवढे नसतील तर आधी श्रेणीसुधार परीक्षा द्यावी. 'नीट'च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. तेच प्रथम पक्के करावे. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो, म्हणून अंदाजाने उत्तर देऊ नये. २०२३ पासून परभणीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पालकहो, मुलीच्या लग्नाची घाई करू नका. तयारीचे आणखी एक वर्ष तिलाही द्या.