हात कधी काढायचा?

जांबे, मारुंजी, नेरे या पट्ट्यातल्या स्वमग्न मुलांच्या आईबाबांनो, आज तुमच्याशी शाबासकीबद्दल बोलायचंय.

सकाळी बाबांना हिंजवडीची गर्दी गाठायच्या आत निघायचं असतं, शाळेची गाडी दारात असते. मग सात वर्षांच्या मुलाची चड्डी आई चढवते, घास आजी भरवते. त्यात माया आहेच. पण सगळं आयतं झालं की मुलाला स्वतः करायचं कारणच उरत नाही.

सुरुवात कामाच्या शेवटाकडून करा. चड्डी गुडघ्यांच्या वरपर्यंत तुम्ही आणा, कमरेपर्यंत फक्त त्याला ओढू द्या. ओढली रे ओढली की त्याच क्षणी त्याच्या आवडीचं द्या. ‘संध्याकाळी बागेत नेईन’ याचा उपयोग नाही, संध्याकाळपर्यंत चड्डी आणि बाग यांचा संबंध तुटलेला असतो. एवढं जमलं की गुडघ्यापासून, मग पावलांपासून.

आवडीचं म्हणजे चॉकलेटच असं नाही. कुणाला लिफ्टचं बटण दाबायचं असतं, कुणाला वासराला चारा घालायचा असतो, कुणाला नुसतं गरगर फिरवलेलं हवं असतं. त्याच्याकडे बघत राहा, तोच सांगेल. मात्र ती गोष्ट दिवसभर हातात नको. मोबाइल सतत मिळत असेल तर त्याचं बक्षीस होत नाही. जेवण, पाणी, आईची मांडी या गोष्टी तर कधीच अटीवर ठेवू नका. आणि रडणं थांबावं म्हणून खाऊ दिलात, तर मूल रडायला शिकतं.

सगळ्यात अवघड काम आपलं आहे. ‘ओढ, ओढ ना’ असं सतत म्हणत राहिलो की मूल त्या शब्दांचीच वाट बघतं. त्यापेक्षा गप्प राहून मागून हाताला हात द्या. पुढे फक्त कोपराला स्पर्श, मग नुसतं बोट दाखवणं, मग तेही नको. मदत जितकी कमी लागली तितकी शाबासकी मोठी. नीट जमू लागलं की बक्षीस अधूनमधून द्या. दुकानातून बिस्किटाचा पुडा स्वतः आणला, तर तो पुडाच पुरे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ओ. इव्हार लोवास यांच्या 1987च्या अभ्यासाने बक्षीस देऊन शिकवायची ही पद्धत जगभर गाजली. त्यांच्या कामात शिक्षाही होत्या, त्या शिक्षांचं समर्थन होऊच शकत नाही. हात फडफडवणं बंद व्हावं, मूल चारचौघांसारखं दिसावं म्हणूनही बक्षिसं वापरू नका. ती फडफड त्याला शांत करत असते. बक्षीस त्याला स्वतःचं स्वतः करता यावं यासाठी.

घरच्या सरावासोबत सरकारी मदतही घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं.

या आठवड्यात मुलाला शिकवायला एकच काम निवडा. आजी-आजोबांनाही समजावून सांगा, म्हणजे घरातला प्रत्येक जण तेच आणि तसंच करेल.