नट मागवण्याआधी डायल लावा

नागापूर एमआयडीसीत जॉबवर्क करता करता अलीकडे माझ्याकडे घरी बांधलेले सीएनसी राऊटरही दुरुस्तीला येऊ लागलेत. देवघराच्या जाळ्या, नावाच्या पाट्या कोरायला पोरं हौसेनं मशीन उभं करतात. 1605 चा बॉलस्क्रू, नेमा 23 मोटर, ॲल्युमिनियमची चौकट. आणि तक्रार बहुतेकांची एकच, गोल गोल येत नाही. घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ असतात त्या जागी कडेला बारीक पायरी पडते. अक्ष तिथंच दिशा बदलतो. आधी प्ले भरून निघतो, मग टेबल हलतं.

राहुरीकडचा एकजण तर नवा नट बसवूनच आला होता. विकणाऱ्यानं ‘नट गेलाय’ म्हणून फोनवरच निदान केलं होतं. प्ले जिथल्या तिथं, डायलवर बारा भाग, म्हणजे 0.12 मिलिमीटर. वर मला सांगतोय, ‘‘काका, एक स्टेप तीन मायक्रॉनची आहे.’’ हिशेब बरोबर होता त्याचा, 5 मिलिमीटर भागिले 1600. पण कागदावरची स्टेप आणि टेबलाची चाल यांच्यामध्ये बेअरिंग, कपलिंग, नट, ब्रॅकेट एवढी मंडळी बसलेली असतात.

प्ले नेमका कुणाचा, हे शोधायला एक डायल आणि मॅग्नेटचा स्टँड पुरतो. मोटर चालू ठेवून टेबल हातानं पुढे-मागे रेटा आणि काटा किती हलतो ते बघा. मग स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात ग्रीस लावून एक छर्रा चिकटवा, डायलचं सपाट टोक त्यावर टेकवा आणि टेबल पुन्हा रेटा. इथंही काटा हलला, तर स्क्रूच मागेपुढे सरकतोय; नटाचा काही संबंध नाही. त्या पोराच्या बारापैकी नऊ भाग इथंच निघाले. बीके 12 ब्लॉकमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी, तिथं साधी बेअरिंगं होती आणि लॉकनट नावापुरता आवळलेला. जोडी बदलली, समोरासमोर नीट बसवली. लॉकनट प्ले जाईपर्यंतच आवळायचा. स्क्रू हाताला जड लागला की जास्त झालं. बेअरिंग तापतं, मोटर स्टेप सोडते. पलीकडचं बीएफ टोक मात्र सरकतं राहू द्या. पोलादी स्क्रू तापला की अर्ध्या मीटरला दर अंशामागे सहा मायक्रॉनच्या आसपास वाढतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते नगरकरांना सांगायला नको.

स्क्रू जागचा हलत नाही आणि टेबल हलतंय, तर आधी ब्रॅकेटचे बोल्ट बघा, नटाकडे त्यानंतर वळा. नट खरंच ढिला असेल तर त्यात काही मायक्रॉननं मोठे छर्रे भरता येतात. 1605 मधला छर्रा 3.175 मिलिमीटरचा, आपल्या भाषेत बरोबर एक सूत. सगळे एकाच मापाचे, एकाच लॉटचे घ्या. नट उतरवताना स्क्रूच्या टोकाला नळी लावून त्यावर सरकवा, नाहीतर छर्रे फरशीवर शोधत बसाल. नवीनच बांधत असाल तर सरळ डबल नट घ्या. पैसे जास्त जातात, डोकं शांत राहतं.

सॉफ्टवेअरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन अगदी शेवटी. माक3 आणि लिनक्ससीएनसीत ते आहे, मूळ जीआरबीएलमध्ये नाही. आणि असलं तरी क्लाइम्ब कटिंगला कटर टेबल स्वतःकडे ओढतो, तेव्हा सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. उरलेल्या दोन-तीन भागांसाठी ठीक. बारा भाग त्यावर ढकलू नका.

एक गोष्ट वेगळी ओळखा. प्ले दर उलटीला तेवढाच राहतो, साचत नाही. जॉब लांबत जाईल तसा झिरो सरकत चालला असेल तर स्टेप सुटताहेत. मग स्क्रूला हात लावू नका. ड्रायव्हरचा करंट, कपलिंगचे ग्रब स्क्रू आणि ॲक्सेलरेशन तपासा.