गाडीमागचे घर आणि विजेची परतीची वाट

उन्हाळी सुट्टी लागली की ब्रिटनमधील रस्त्यांवर मोटारींच्या मागे जोडलेली चाकांवरची छोटी घरे दिसू लागतात. अशा घराला कॅराव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी. ‘कारवान’ म्हणजे प्रवाशांचा तांडा. या घरात बिछाने असतात, शेगडी असते, पाण्याचा पंप, दिवे आणि एक लहानसा फ्रिजही असतो. नसते ते फक्त इंजिन. आपल्याकडे ट्रॅक्टर जसा ट्रॉली ओढतो, तशी मोटार ही कॅराव्हॅन ओढते. त्यासाठी मोटारीच्या मागे सांगाड्याला एक भक्कम पोलादी दांडा बसवतात. दांड्याच्या टोकाला ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. त्यावर कॅराव्हॅनच्या जोडाची वाटी घट्ट बसली, की ओढण्याची सोय झाली.

पण एवढ्याने प्रवासाला निघता येत नाही. कॅराव्हॅन जोडताच मोटारीचे मागचे सगळे दिवे तिच्याआड झाकले जातात. मागून येणाऱ्या चालकाला दिसते ती फक्त कॅराव्हॅनची भिंत. पुढची मोटार थांबते आहे की डावीकडे वळते आहे, हे त्याला कळणार कसे? म्हणून मोटारीतील प्रत्येक खूण त्याच क्षणी कॅराव्हॅनच्या मागील दिव्यांवर उमटली पाहिजे. शिवाय चालत्या प्रवासात फ्रिज थंड राहिला पाहिजे आणि कॅराव्हॅनची स्वतःची बॅटरीही भारित होत राहिली पाहिजे. हे सर्व काम दांड्याशेजारी बसवलेल्या एका छोट्या सॉकेटातून होते. त्याला तेरा छिद्रे असतात. पूर्वी ब्रिटनमध्ये यासाठी सात-सात पिनांचे दोन प्लग असत. २००९ च्या मॉडेलपासून तेथील नव्या कॅराव्हॅनींना तेरा पिनांचा एकच प्लग येऊ लागला.

यात एक गंमत आहे. सॉकेट बाहेरून तेरा छिद्रांचे दिसले, तरी त्याच्या पाठीमागे तेरा तारा जोडलेल्या असतीलच असे नाही. पुष्कळ मोटारींत फक्त दिव्यांच्या तारा जोडलेल्या असतात. मग दिवे लागतात, पण फ्रिज गरम राहतो आणि बॅटरी भारित होत नाही. म्हणून कॅराव्हॅन घेणारा जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो : “जोडणी पूर्ण आहे का?” पूर्ण जोडणी म्हणजे काय, आणि तिला इतक्या तारा कशाला लागतात, हे तुम्ही शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमावरून नीट समजून घेता येईल.

तेरा पिनांची वाटणी

पहिली पीन डाव्या इंडिकेटरची आणि चौथी उजव्याची. दुसरी धुक्यात लावायच्या मागच्या दिव्याची. पाचवी आणि सातवी अनुक्रमे उजव्या आणि डाव्या बाजूच्या तांबड्या दिव्यांची. सहावी ब्रेकच्या दिव्यांची, तर आठवी गाडी उलटी घेताना लागणाऱ्या पांढऱ्या दिव्याची. नववीतून बॅटरीचा अखंड पुरवठा मिळतो. दहावीतून मात्र इंजिन चालू असतानाच. बारावी सामान्यतः रिकामी राहते.

मग तिसरी, अकरावी आणि तेरावी कशासाठी? या तिन्ही परतीच्या तारा आहेत. तिसरी सर्व दिव्यांसाठी, अकरावी दहावीसाठी आणि तेरावी नववीसाठी.

परतीची तार वेगळी का?

मोटारीतील दिव्याला बहुधा एकच मुख्य तार गेलेली दिसते. विद्युत्प्रवाह बॅटरीच्या धन टोकाकडून तारेने दिव्यात येतो आणि मोटारीच्या धातूच्या सांगाड्यातून ऋण टोकाकडे परत जातो. सांगाडा हीच दुसरी तार. पण कॅराव्हॅन रबरी टायरांवर उभी असते आणि मोटारीशी तिचा धातूचा स्पर्श होतो तो फक्त त्या गोळ्यापाशी. तिथे कधी वंगण, कधी गंज, कधी धूळ. खड्ड्यात चाक गेले की स्पर्श कमीजास्त होतो. अशा वाटेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून परतीची तार स्वतंत्र घालावी लागते.

आता समजा, तिसऱ्या पिनेची तार तुटली. सगळे दिवे एकदम विझतील, असे तुम्हाला वाटेल. परंतु घडते ते याहून विचित्र आणि धोक्याचे. कॅराव्हॅनमधील सर्व दिव्यांची परतीची टोके एकाच ठिकाणी जोडलेली असतात. डावा इंडिकेटर लावला की प्रवाह त्याच्या तंतूतून त्या सामाईक बिंदूपर्यंत येतो. पुढची वाट बंद. मग तो मागच्या तांबड्या दिव्याच्या तंतूतून उलटा जातो, त्या दिव्याच्या तारेने मोटारीत शिरतो आणि मोटारीच्या स्वतःच्या तांबड्या दिव्यातून सांगाडा गाठतो. परिणामी इंडिकेटर धड लागत नाही आणि जे लावलेच नाहीत ते दिवे मिणमिणू लागतात. प्रत्यक्षात अशा चोरवाटा एकाच वेळी अनेक असतात, त्यामुळे दिव्यांचा खेळ दर वेळी निराळा दिसतो. चालकाने दिली वळण्याची खूण. मागच्याने वाचले भलतेच!

करून पाहा

हा चमत्कार घरी पाहता येतो. टॉर्चचे तंतूवाले तीन सारखे बल्ब (२.५ व्होल्टचे), दीड व्होल्टचे दोन कोरडे घट आणि थोडी तार घ्या. बल्बांना क, ख, ग अशी नावे द्या. ‘क’ हा कॅराव्हॅनचा इंडिकेटर, ‘ख’ तिचा तांबडा दिवा आणि ‘ग’ मोटारीचा तांबडा दिवा. घट एकापुढे एक जोडा. धन टोक ‘क’च्या एका टोकाला जोडा. ‘क’ आणि ‘ख’ यांची मोकळी टोके एकत्र जोडून त्या सामाईक बिंदूपासून घटाच्या ऋण टोकापर्यंत एक तार न्या. ही झाली तिसरी पीन. ‘ख’चे दुसरे टोक ‘ग’ला आणि ‘ग’चे दुसरे टोक घटाच्या ऋण टोकाला जोडा. फक्त ‘क’ प्रकाशेल. आता ती सामाईक तार काढून घ्या. तिन्ही बल्ब एकसरीत आल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे एक व्होल्ट येईल. ‘क’ एकदम मंदावेल आणि ‘ख’, ‘ग’ लालसर मिणमिणू लागतील.

हा प्रयोग कोरड्या घटांवरच करा. मोटारीच्या बॅटरीवर तारा चुकून एकमेकींना लागल्या, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तार क्षणात लालबुंद होते.

फ्रिज आणि जाड तार

कॅराव्हॅनचा फ्रिज १२ व्होल्टवर १२० वॉट घेतो असे धरू. म्हणजे प्रवाह १० अँपिअर आणि फ्रिजचा रोध १.२ ओहम. मोटारीची बॅटरी बहुधा पुढे इंजिनापाशी असते. तिच्यापासून फ्रिजपर्यंत जायला १२ मीटर आणि परत यायला १२ मीटर, अशी एकूण २४ मीटर तार धरा.

तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. तारेचा छेद १ चौरस मिलिमीटर असेल, तर २४ मीटर तारेचा रोध ०.४१ ओहम होतो. एकूण रोध १.६१ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ७.५ अँपिअर. आता फ्रिजला मिळणारी शक्ती काढा : ७.५ × ७.५ × १.२ म्हणजे सुमारे ६७ वॉट. जवळजवळ निम्मी शक्ती हरवली! यांपैकी सुमारे २३ वॉट तारेतच उष्णतेच्या रूपाने खर्च झाले. उरलेले बॅटरीतून निघालेच नाहीत, कारण रोध वाढल्याने प्रवाहच घटला. याउलट २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध ०.१६ ओहम आणि फ्रिजला सुमारे ९३ वॉट मिळतात. म्हणूनच जास्त प्रवाहाच्या आणि परतीच्या तारा इतरांपेक्षा जाड असतात.

दिव्यांची आणि फ्रिजची परतीची तार वेगळी का, याचेही उत्तर येथेच आहे. १० अँपिअर प्रवाह १२ मीटरच्या जाड तारेतून परतताना सुमारे ०.८ व्होल्ट विभवांतर खर्च करतो. दिवेही त्याच तारेवर टाकले, तर फ्रिज चालू होताच त्यांच्या वाट्याचे विभवांतर तेवढ्याने घटेल आणि ब्रेकचा दिवा मंद होईल.

जोडणी तपासताना पुष्कळजण फसतात तेही येथेच. सॉकेटात नुसता व्होल्टमीटर लावला, तर गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. कारण त्याचा स्वतःचा रोध प्रचंड असल्याने प्रवाह नगण्य असतो, आणि प्रवाह नसेल तर गंजावर विभवांतर पडणार कसे? समजा, गंजाचा रोध १ ओहम आहे. तारांचा रोध तूर्त सोडून द्या. फ्रिज लावताच एकूण रोध २.२ ओहम, प्रवाह सुमारे ५.५ अँपिअर, आणि फ्रिजला उरतात जेमतेम साडेसहा व्होल्ट. त्या एवढ्याशा गंजक्या पिनेत मात्र ३० वॉट उष्णता निर्माण होते. प्लास्टिक वितळायला ती पुरेशी आहे. तेव्हा कसोटी घ्यायची ती भार लावूनच.

थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह हाकणे

मोटारीच्या दिव्याची तार सोलून तिला कॅराव्हॅनची तार पिळली, तर भागणार नाही का? जुन्या मोटारींत काही प्रमाणात भागत असे. आजच्या मोटारीत दिव्यांवर संगणकाची नजर असते. अपेक्षेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला, की दोष आहे असे समजून तो पुरवठा तोडतो. म्हणून मध्ये रिले बसवतात. मोटारीच्या दिव्याच्या तारेतून अगदी अल्प प्रवाह घेऊन रिले फक्त खूण ओळखतो. दिवा पेटवणारा मोठा प्रवाह स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीकडून येतो. त्या मोटारीसाठीच बनवलेला जोडणी-संच असेल, तर कॅराव्हॅन मागे आहे हे संगणकालाही कळते. मग मागची वस्तू जवळ आल्याचा भोंगा तो बंद ठेवतो आणि मोटारीचा धुक्याचा मागचा दिवा विझवतो, म्हणजे त्याचा उजेड कॅराव्हॅनवरून परावर्तित होऊन चालकाच्या डोळ्यांत जात नाही.

दहावी पीन इंजिन चालू असतानाच जिवंत का, हेही आता सांगता येईल. ६० अँपिअर-तासांची बॅटरी १० अँपिअरच्या फ्रिजला पुरेल सुमारे सहा तास. रात्री फ्रिज त्यावर चालत राहिला, तर सकाळी इंजिनच सुरू होणार नाही. इंजिन फिरत असताना मात्र जनित्र ही तूट भरून काढते.

आणि दिवे पेटले की नाही, हे पुढे बसलेल्या चालकाला कसे कळावे? कॅराव्हॅनचे इंडिकेटर चालू असल्याची खूण त्याला आवाजाने किंवा दिव्याने मिळालीच पाहिजे, असा ब्रिटनमध्ये नियम आहे.

आपल्या रस्त्यावर

आपल्याकडे कॅराव्हॅन क्वचितच दिसते. पण उसाची ट्रॉली कोणी पाहिली नाही? गळीत हंगामात रात्री कारखान्याकडे निघालेली, वाढ्यांसकट ऊस रचलेली ट्रॉली ट्रॅक्टरचे मागचे दिवे पूर्ण झाकते. तिला स्वतःचे दिवे नसतील, तर अंधारात मागून वेगाने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. तासाला ५४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ट्रॉली ३० मीटरवर दिसली, तर हाती राहतात अवघी दोन सेकंदे, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत त्यांतले जवळजवळ एक सेकंद संपलेले असते.

पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागे सात पिनांचे सॉकेट बसवलेले असते. तुमच्या घरी किंवा गावात ट्रॅक्टर असेल, तर दिवसा, इंजिन बंद असताना, मोठ्यांना बरोबर घेऊन ते पाहा. झाकण उघडते का? छिद्रांत माती आहे का? ट्रॉलीची तार शाबूत आहे का? दिवे असोत वा नसोत, ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक लावायला विसरू नका. त्यांना ना बॅटरी लागते, ना परतीची तार.

शेवटी एक प्रश्न. ट्रॉलीचा डावा इंडिकेटर लावला, की तो स्वतः लागत नाही, पण तिचा तांबडा दिवा मिणमिणतो. बल्ब नवे आहेत, फ्यूज शाबूत आहे. तुम्ही सर्वांत आधी कोणती तार तपासाल?