आधी बिल्टी वाचा, मग कोडिंग शिका

मलकापूरहून कापसाच्या गाठी भरून कोइमतूरला गेलेल्या ट्रकचं उरलेलं भाडं मालकाला कधी मिळतं? गाडी खाली झाली तेव्हा नाही. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) तिकडच्या गोदामाने सही-शिक्का मारून दिलेली पोच ट्रान्सपोर्ट ऑफिसात परत आली की मग. हा कागद वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या खिशात नाहीतर कुरिअरच्या पाकिटात फिरत आला. कधी भिजायचा, कधी हरवायचा, आणि तोवर मालकाचे डिझेलचे पैसे अडकून पडायचे. आता ड्रायव्हर गोदामाच्या दारातच पोचेचा फोटो काढतो, सोबत वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं, आणि इकडे त्याच दिवशी बिल तयार होऊ शकतं. कित्येक कंपन्या अजूनही मूळ कागदच मागतात, तो भाग वेगळा.

‘मोबाइलमध्ये डोकं घालून पोट भरतं का,’ असं विचारणाऱ्या पालकांनी या फोटोमागची माणसं मोजावीत. ॲप कुणीतरी लिहिलं. कुणीतरी ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलाशी बसून त्याचा धंदा समजून घेतला आणि ते त्याच्या कामात बसवून दिलं. कुणीतरी ड्रायव्हरला शिकवलं. आणि रात्री ‘पोच अपलोड होत नाही’ असा फोन आला की कुणीतरी तो उचलतो. या चार वेगळ्या नोकऱ्या आहेत. घराघरांत चर्चा फक्त पहिलीची होते, कारण तिच्यामागे पुणं आणि पॅकेज हे दोन शब्द येतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक मुलामुलींना उरलेल्या तीन जास्त जवळच्या आहेत, आणि तिथे शहरातल्या मुलांपेक्षा ती पुढे असू शकतात, असं माझं मत आहे.

कारण हा जिल्हा मालाच्या ने-आणीवरच उभा आहे. कापसासाठी खामगावात १८७० मध्येच रेल्वे आली. पण रेल्वे घाटाखालीच राहिली. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तोवर घाटावरचं सोयाबीन, तूर, बियाणं सगळं ट्रकनेच हलतं. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. आता गाडी वेगाने पोचते, म्हणून कागद मागे राहिला की जास्तच खटकतं.

फिरतीच्या कामाला मोबाइल जोडणं म्हणजे काय, हे घरात बहुतेकांनी पाहिलेलंही असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेली ई-पीक पाहणी घ्या: शेतकरी स्वतः गटात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पतसंस्थेचा पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून पैसे घेतो आणि हातातल्या मशीनमधून पावती काढून देतो. टंचाईत टँकरने खरंच किती खेपा केल्या, हे जीपीएसवरून तपासलं जातं. देऊळगावराजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं होतं, तिथे प्रत्येक प्लॉटची भेट, परागीकरणाच्या तारखा, भेसळ झाडं काढल्याची नोंद ठेवावीच लागते. बुलडाणा अर्बनसारखी १९८६ पासूनची संस्था गोदामातल्या धान्यावर कर्ज देते, तेव्हा कोणाची किती पोती कुठल्या गोदामात आहेत ही नोंद म्हणजे थेट पैसाच.

यातला अवघड भाग स्क्रीनचा रंग किंवा बटण नसतो, नियम असतात. परराज्यात ५० हजारांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. साध्या मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलात नवा गाडी नंबर टाकावा लागतो. तो कोणी टाकायचा, ड्रायव्हरने की ऑफिसने? रात्री दोन वाजता ऑफिस बंद असेल तर? ज्याने एक हंगाम ट्रान्सपोर्ट ऑफिसात काढला आहे, त्याला हे प्रश्न आपोआप पडतात. नुसता कोर्स केलेल्याला ते कोणीतरी सांगावे लागतात. तीच गोष्ट तासांची. कायद्याने ड्रायव्हरचे कामाचे तास साधारणपणे दिवसाला आठ धरले आहेत. मार्ग आखणाऱ्या ॲपला हे माहीत नसेल, तर ते ड्रायव्हरच्या झोपेतून वेळ काढतं.

दुसरा प्रश्न नेटवर्कचा. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते. म्हणजे नोंद आधी फोनमध्ये साठायला हवी आणि रेंज आली की आपोआप पुढे जायला हवी. दोघांनी एकच नोंद दोन ठिकाणी बदलली तर खरी कोणती मानायची? हे कॉम्प्युटर सायन्समधलं खरंखुरं कोडं आहे. गणिताचंही तसंच: चिखलीहून निघालेल्या खताच्या गाडीला दहा दुकानं करायची असतील, तर त्यांचे क्रम ३६ लाख २८ हजार ८०० होतात. अकरावीला ‘परम्युटेशन कशाला शिकायचं’ म्हणणाऱ्याला एवढा आकडा पुरे.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो, कारण वाटा ओळखीच्याच आहेत. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ हा कॉम्प्युटरचा ट्रेड किंवा तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, शेगावसारख्या ठिकाणी कॉलेजं जिल्ह्यातच आहेत. बारावीनंतर बीसीए, बीबीएचा विचार असेल तर २०२४ पासून त्यांना सीईटी लागते. फॉर्मची तारीख हुकली म्हणून वर्ष अडचणीत येणारी मुलं दरवर्षी दिसतात. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय खास वाहतूक आणि लॉजिस्टिक्ससाठी आहे, बीटेकला प्रवेश जेईई मेनवर. बीकॉमवाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. जीएसटी आणि साठ्याचा हिशेब पक्का असलेला माणूस ॲप बसवणाऱ्या टीमला हवाच असतो.

पदवीपेक्षा मी एका गोष्टीला जास्त वजन देईन. सुट्टीत ओळखीच्या अडत्याकडे, जिनिंगमध्ये किंवा खत दुकानात बसा आणि एका मालाचा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा: काटापट्टी, हमाली, बिल, बिल्टी, पोच. तीच माहिती कुठे दोनदा लिहिली जाते, कुठे चुकते, पैसा कुठे थांबतो, ते लिहून काढा. मग मोफत मिळणाऱ्या ओडीकेसारख्या साधनावर फॉर्म बनवा, तो रेंजशिवायही चालतो. त्या दुकानाच्या मुनीमाने तो आठवडाभर मनापासून वापरला, तर मुलाखतीत सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे. कोटलिन, फ्लटर, एसक्यूएल असं कोडिंग त्यानंतर शिकलात तरी उशीर होत नाही, उलट कशासाठी शिकतोय ते कळतं.

पालकांनी एक फरक लक्षात ठेवावा. ॲपच्या हुकमावर पार्सल पोचवणं आणि ते ॲप चालवणारी व्यवस्था सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कष्टाचं आणि प्रामाणिक आहे, पण बऱ्याचदा त्यात पुढची पायरी नसते. आणि ‘सहा महिन्यांत हमखास नोकरी’ सांगणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोन मुलांशी, क्लासवाले समोर नसताना, फोनवर बोला.

पहिली नोकरी बहुधा सपोर्टची मिळेल: गावोगाव फिरती, त्याच तक्रारी, वेळी-अवेळी फोन. मुलीला अशा फिरतीवर पाठवायचं की नाही हा प्रश्न अनेक घरांत येतो. त्याचं उत्तर गाडी कोणाची, परतायची वेळ काय, सोबत कोण, हे कंपनीला आधीच स्पष्ट विचारून मिळतं. मुलाच्या बाबतीतही हेच विचारायला हरकत नाही. पगाराबरोबर प्रवासभत्ता आणि फोनचा खर्च कोण देणार, हेही लेखी घ्या. आणि सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारासच बाजारात येतं, त्यामागून कापूस. त्या दिवसांत सुट्टी मागून मिळेलच असं नाही, हे घरात आधीच ठरलेलं बरं.